नवीन डिझाइनचा लॅपटॉप खरंच खपतोय का, हे ओळखायचं कसं?

चौकस_सदाशिव
ऑफिससाठी २० लॅपटॉप घ्यायचे आहेत. जे मॉडेल डोळ्यासमोर आहे त्याची बॉडी यंदा पूर्ण बदलली आहे. हिंज (स्क्रीनची बिजागरी) नवा, बॅटरी नवी, चार्जरची पिनसुद्धा वेगळी. पुण्यात टिळक रोडवर कुठल्याही काउंटरवर विचारा, "हातोहात जातोय" हेच उत्तर. कंपनीची जाहिरात म्हणते, मागणी दुप्पट. खप खरा असेल तर तीन वर्षांनी बॅटरी-हिंज मिळायची अडचण नाही. फुगवलेला असेल तर दोन महिन्यांत भाव उतरणार आणि आपण चढ्या दरात अडकणार. बाहेरच्या माणसाला हे कशावरून कळेल?

काउंटरपलीकडचा
आधी "विकला" म्हणजे कोणी कोणाला, ते बघा. आयडीसी, गार्टनर या बाजाराचा खप मोजणाऱ्या संस्थांचे तिमाही आकडे शिपमेंटचे, म्हणजे कंपनीने धाडलेल्या मालाचे असतात. माल डिस्ट्रिब्युटरकडे गेला की तो मोजला गेला, मग तो वाघोलीच्या गोदामात धूळ खात पडलेला का असेना. याला सेल-इन म्हणतात. गिऱ्हाइकाच्या नावाने बिल फाटलं की सेल-आउट. तिमाही संपताना टार्गेटसाठी माल ढकलला जातो, म्हणून पहिल्याचा आकडा फुगतो आणि दुसरा मागेच राहतो.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. दिवाळीचा माल आधी भरला जातो, आणि दिवाळी सरकते. २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्यामुळे "गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा इतके टक्के जास्त" हे वाक्य एकटं वाचू नका.

आता हाताशी असलेली तपासणी. सीलबंद खोक्यावर एमआरपीचं लेबल असतं, त्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पाच-सहा दुकानांत एकाच कॉन्फिगरेशनचं खोकं मागवून ते टिपून घ्या. लाँचला तीन महिने उलटले आणि सगळीकडे अजून पहिल्याच महिन्याचं लेबल, म्हणजे पहिली खेपच संपलेली नाही. एका दुकानात जुनं आणि पुढच्याच दुकानात ताजं असेल तर माल हलतोय, फक्त पहिल्याने जास्त उचलला. रॅम-एसएसडी वेगळी असलेली खोकी एकत्र मोजू नका. स्वस्तातलं व्हेरियंट धावतं आणि १ टीबीवालं वर्षभर फळीवर बसतं, असं सर्रास होतं.

गणित सोपं आहे. एका दुकानात १२ नग आहेत आणि आठवड्याला ३ जातात, तर चार आठवड्यांचा साठा. ठीक. तेच १२ नग आठवड्याला एकाच्या वेगाने जात असतील तर बारा आठवडे, आणि मग स्कीम येणारच. "किती विकले?" असं विचारलंत तर फुगवून सांगतील. "आत्ता दहा मिळतील का, नाहीतर कधी येतील?" असं विचारा, म्हणजे साठा आपोआप कळतो.

आकडेमोड
वरच्याला जोड म्हणून एक जुनं उदाहरण. ॲपलने २०२२ च्या जुलैमध्ये एम२ चिपचा मॅकबुक एअर आणला, निमुळती बॉडी जाऊन सपाट आली. एप्रिल-जूनमध्ये मॅकचा महसूल ७.३८ अब्ज डॉलर होता, जुलै-सप्टेंबरमध्ये ११.५१ अब्ज. डिझाइनने बाजी मारली असं वाटेल. पण आधीच्या तिमाहीत शांघायच्या लॉकडाउनमुळे माल अडला होता, ती तुंबलेली मागणीही यात भागली. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये लगेच ७.७४ अब्ज, वर्षापूर्वीच्या १०.८५ वरून. आणि ते १०.८५ तरी कशामुळे? त्या आधीच्या ऑक्टोबरात नव्या डिझाइनचे मॅकबुक प्रो आले होते. शिवाय ॲपल २०१८ च्या अखेरीपासून नगांची संख्या सांगतच नाही, आणि या महसुलात जुना एम१ एअरही आहे. अशा बेरजेतून एका मॉडेलचा खप काढायचा म्हणजे भेळेतून चुरमुरे मोजण्यासारखं.

ॲमेझॉनवर एकूण रिव्ह्यूंची संख्या बघू नका. जुन्या मॉडेलचे रिव्ह्यू अनेकदा नव्याच्या पानावर जोडलेले असतात. ताजे आधी लावा आणि नेमक्या व्हेरियंटचे, खरेदीचा शिक्का असलेले, गेल्या ३० दिवसांतले मोजा. कीपा या साइटवर ॲमेझॉनच्या विक्री-रँकचा आलेख दिसतो. सेलचे दिवस सोडून मधल्या आठवड्यांत रँक टिकते का, तेवढंच कामाचं. लाँचनंतरचे पहिले सहा आठवडे मी तरी हिशेबात धरणार नाही, तेव्हा हौशी लोकच घेतात.

कव्हरवाला
ॲक्सेसरी बघा. बॉडी बदलली की कीबोर्ड गार्ड आणि कव्हर नव्या मापाचं लागतं, आणि छोटा दुकानदार न खपणाऱ्या मॉडेलचं कव्हर भरत नाही. तीन-चार दुकानांत नव्या मापाचा गार्ड लगेच हातात पडला तर मॉडेल चालतंय.

आकडेमोड
@कव्हरवाला हे फक्त पहिल्या पिढीपुरतं. एम२ एअरचा मॉडेल नंबर ए२६८१, नंतरच्या एम३ एअरचा ए३११३, बॉडी तीच. आज गार्ड खपला तर तो कुणासाठी, हे सांगता येत नाही.

हिंजवडी_फेज२
हे सगळं रिटेल मॉडेलसाठी. थिंकपॅडसारखी ऑफिससाठीची यंत्रं हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत शेकड्याने थेट ऑर्डरवर जातात. टिळक रोडवर एकही दिसत नाही, तरी खप मोठा असतो.

चौकस_सदाशिव
माझं मॉडेल रिटेलचंच आहे. लेबल आणि साठा दोन्ही बघतो. पण पार्टचं काय?

काउंटरपलीकडचा
पार्टसाठी खपावर विसंबू नका. बॅटरी आणि हिंजचा पार्ट नंबर काढा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून आजचा दर आणि किती दिवस लागतील ते विचारा. तोच बॅटरी नंबर त्याच कंपनीच्या आणखी दोन-तीन मॉडेलांत असेल तर हे एक मॉडेल पडलं तरी बॅटरी मिळेल. हिंज मात्र बहुधा त्या बॉडीपुरताच असतो, तो नीट विचारा. आणि २० एकदम उचलू नका. ५ आत्ता, १५ पंचेचाळीस दिवसांत, "मधे कंपनीने दर उतरवला तर उरलेल्यांना नवा दर" असं कोटेशनवर लिहून घ्या. ज्याचा माल खरंच हातोहात जातोय तो या ओळीला नाही म्हणेल. जो चटकन सही करेल त्याच्या गोदामात किती खोकी आहेत ते विचारा.