मदत हवी आहे: कार्सन वेंट्झचं डिसेंबरात नेमकं काय बिनसलंय?

पुणेरी_फिली (६ डिसेंबर २०१६)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी मूळचा क्रिकेटवाला, अमेरिकन फुटबॉल कळायला लागून चारच वर्षं झालीत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर खुशाल हसा पण उत्तर द्या. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, लेक दहा वर्षांचा आणि इथल्या ईगल्स टीमचा असा भक्त की रविवारी मॅचच्या आत जेवणं उरकलेली लागतात नाहीतर ताट टीव्हीसमोर.

सप्टेंबरात हा वेंट्झ नावाचा नवा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) आला आणि पहिल्या तीन मॅचमध्ये पाच टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण), इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) एकही नाही, स्टीलर्सला तर ३४-३ असं धुतलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे एकमेकांना मिठ्या मारायचे बाकी होते. मीही वाहवत गेलो आणि पोराला ११ नंबरची जर्सी आणली (किंमत विचारू नका, बायकोला अजून खरी सांगितलेली नाही). आणि आता बघा, परवा सिनसिनाटीत ३२-१४ हरलो, त्याने ६० पास टाकले, ६०!, आणि तीन थेट समोरच्यांच्या हातात. ३-० (तीन जिंकल्या, एकही हरलो नाही) वरून ५-७.

पोरगं म्हणतंय बाबा जर्सी परत करा. मला फक्त एवढं कळायला हवंय की हा मुलगा दमलाय, का समोरच्यांनी ओळखलाय, का बाकीची टीमच गंडलीय? आणि मॅच बघताना हे ओळखायचं कसं? मला तर बॉल सोडून काही दिसतच नाही.

सिलीपॉइंट

क्रिकेटवाले आहात ना, मग कांबळी आठवा. ९३ मध्ये लागोपाठ दोन टेस्टमध्ये २२४ आणि २२७, पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजवाले आले ते शॉर्ट बॉल घेऊनच आले. इथेही तेच, चार मॅचची टेप हातात आली की समोरचे कोच आठवडाभर बसून शोधतात पोराला काय आवडत नाही. संपला विषय.

तिसरा_डाऊन

सिलीपॉइंट, एवढ्यात नका संपवू हो विषय. टेपचं खरंय, पण अर्धंच. बॅट्समनला बॉल एकट्यालाच खेळायचा असतो, क्वार्टरबॅकचं तसं नाही, त्याला बॉल फेकायला दोन-अडीच सेकंद मिळतात आणि ते मिळवून देणारी पाच धिप्पाड माणसं वेगळी असतात.

पुणेरीदादा, तुमच्या टीमचा राईट टॅकल (त्या पाचातला उजव्या टोकाचा) लेन जॉन्सन पहिल्या चार मॅच खेळला, मग त्याच्यावर १० मॅचची बंदी आली. तो असताना ३-१, तो गेल्यावर आजपर्यंत २-६. तो नसतानाची पहिलीच मॅच वॉशिंग्टनशी होती, त्याच्या जागी एक नवखा उभा केला आणि वेंट्झ पाच वेळा सॅक झाला (पास फेकायच्या आधीच पाडला गेला). असा मार खाल्ला की पुढे पुढे माणूस दबाव नसतानाही घाई करतो, पाय नीट रोवत नाही, मागच्या पायावर वजन ठेवून फेकतो आणि बॉल रिसीव्हरच्या (पास पकडणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो. वेंट्झचे बॉल वर जातायत ते यामुळे. त्याची ती खोड जुनीच असेल कदाचित, पण सप्टेंबरात उभं राहायला वेळ होता म्हणून झाकली गेली.

त्यात रिसीव्हर. सिएटलची मॅच आठवतेय? तुमच्या अर्ट्झने ५७ यार्डांचा टचडाऊन केला, तो रद्द झाला कारण त्याचाच साथीदार अगोलोर चुकीच्या जागी उभा होता. आणि अटलांटाला हरवलं त्या दिवशी बॉल घेऊन पळूनच दोनशेच्या वर यार्ड काढले होते, सगळं ओझं पोराच्या खांद्यावर नव्हतं. ६० पास हे आजाराचं लक्षण आहे, मागे पडलात की फेकतच बसावं लागतं, आणि तुम्ही फेकणार हे समोरच्याला माहीत असतं.

मिनेसोटाची_सून

मी मिनेसोटाच्या वायकिंग्ज टीमवाली, तुमचा आधीचा क्वार्टरबॅक ब्रॅडफर्ड आमच्याकडे आला, त्यामुळे थोडं माझंही पाप आहे यात 😄 सीझनला आठ दिवस उरले असताना त्याला विकला आणि या बिचाऱ्याला उभा केला. मुळात त्याला यंदा बसून शिकायचं होतं. प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) पहिल्याच मॅचमध्ये बरगडीला बारीक फ्रॅक्चर, पुढची एकही प्रीसीझन मॅच नाही.

आणि दमण्याचं म्हणाल तर हे बघा. गेल्या वर्षी नॉर्थ डकोटा स्टेट कॉलेजला मनगट मोडलं म्हणून तो सातच मॅच खेळला होता. लगेच जानेवारीपासून ड्राफ्टची (टीम नवे खेळाडू निवडतात त्याची) तयारी, मग कॅम्प, आणि आता एकदम १६ मॅच. वर तुमच्या टीमची बिनमॅचची सुट्टी आली चौथ्याच आठवड्यात, त्यानंतर सलग १३ आठवडे खेळायचंय. आमच्या घरी दिवाळीच्या आधीच सगळी सुट्टी संपवणारा एक माणूस आहे, डिसेंबरात त्याचं तोंड बघवत नाही.

सिलीपॉइंट

थंडीचं पण असेल ना काही?

मिनेसोटाची_सून

नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या मुलाला थंडी? तिकडे फिलीच्या डिसेंबरात लोक जॅकेटची चेन लावत नसतील. हां, पण कॉलेजच्या घरच्या मॅच बंद छताच्या फार्गोडोममध्ये असायच्या, तेव्हा वाऱ्यात फेकायची सवय कितपत ते त्यालाच माहीत.

तिसरा_डाऊन

दादा, बघायचं कसं ते राहिलंच. बॉल स्नॅप झाला (मधल्याने मागे क्वार्टरबॅककडे दिला) की मुद्दाम बॉलकडे बघू नका, तुमच्या टीमच्या उजव्या टोकाच्या माणसाकडे बघा. तो मागे ढकलला गेला आणि पास चुकला तर वेंट्झला माफ करा. तो ठाम उभा आहे, समोर रिसीव्हर मोकळा आहे आणि तरी बॉल डोक्यावरून गेला तर मात्र ती वेंट्झची चूक. लेकाला कागद-पेन्सिल देऊन दोन रकाने करायला सांगा. जॉन्सनची बंदी पुढच्या दोन मॅचनंतर संपते, २२ तारखेला जायंट्सशी तो परत येईल, तेव्हाचा कागद वेगळा ठेवा.

पुणेरी_फिली

मंडळी, खूप आभार. लेकाने आत्ताच वहीत दोन रकाने आखले, एकाला नाव दिलंय 'वेंट्झ' आणि दुसऱ्याला 'बाकीचे गाढव'. जर्सी २२ पर्यंत कपाटात. पावती मात्र बायकोच्या हाती लागलीय, त्यावर कुणाकडे उपाय असेल तर वेगळा धागा काढतो.