इम्पोर्टेड गाडीच्या सांदीकोपऱ्यांतला चिवट मळ

नमस्कार मंडळी,

गाडी युरोपियन बनावटीची आहे. धुतली की लांबून लख्ख दिसते, पण अलॉय चाकांच्या आतल्या बाजूला तपकिरी थर बसलाय, दारांच्या बिजागऱ्यांपाशी काळा चिकटा साचलाय आणि खिडक्यांभोवतीच्या चंदेरी पट्ट्यांवर पांढुरके डाग आलेत. शाम्पूने घासून काहीच हलत नाही. कुठे काय वापरावं?

---

उत्तर: इम्पोर्टेड गाडीच्या सांदीकोपऱ्यांतला चिवट मळ

ताई, तिन्ही जागांचं दुखणं वेगळं आहे, त्यामुळे एकच बाटली सगळीकडे चालणार नाही. पट्ट्यांवर तर आता काहीच घासू नका, कारण खाली सांगतो.

चाकांवरचा थर म्हणजे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. पुष्कळ युरोपियन गाड्यांच्या ब्रेक पॅडमध्ये धातू जास्त असतो, शिवाय डिस्कही झिजते. हे तापलेले कण रिमच्या लेपात रुततात आणि तिथेच गंजतात. शाम्पू लोखंड विरघळवत नाही, म्हणून पीएच-न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, आयर्न रिमूव्हर घ्या. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं. गाडी सावलीत हवी आणि चाक हाताला पूर्ण गार लागायला हवं. आधी नुसत्या पाण्याने माती काढा, मग फवारा आणि 3 ते 5 मिनिटं थांबा. द्रव सुकला तर त्याचेच डाग पडतात, म्हणून एका वेळी एकच चाक घ्या. आतल्या भागाला लांब दांड्याचा मऊ ब्रश, बोल्टच्या खळग्यांना बोटाएवढा जाड ब्रश. थर उरला तर धुऊन पुन्हा फवारा. जास्त वेळ ठेवून फायदा नाही. वास उग्र असतो. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा. आम्लाचा व्हील क्लीनर टाळा, लेप उडालेल्या रिमवर तर हमखास डाग पडतात. शेवटी गाडी सावकाश चालवून तीन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील.

बिजागऱ्यांचा चिकटा म्हणजे ग्रीसमध्ये अडकलेली धूळ. 500 मिली पाण्यात 50 मिली ऑल-पर्पज क्लीनर पुरे. तो ब्रशवर घ्या, दारावर थेट फवारू नका, नाहीतर कुलपात आणि वायरींच्या जोडात शिरतो. प्रेशर वॉशर तर इथे नकोच. ओल्या फडक्याने दोनदा पुसा, सुकू द्या आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग दार कुरकुरतं.

आता पट्ट्या. तो मळ नाहीच. या पट्ट्या ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या असतात. तो थर साधारण 4 ते 8.5 पीएचमध्येच टिकतो. ब्रश न लावता धुणाऱ्या काही कार वॉशमध्ये तीव्र अल्कली वापरतात, ती हा थर खाते आणि पट्टी दुधाळ दिसू लागते. खरखरीत मेटल पॉलिशने उरलासुरला थरही निघतो. ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमसाठीचं सौम्य पॉलिश कोपऱ्यात लावून बघा. डाग वरवरचा असेल तर फिका होईल. खोल गेला असेल तर पट्टी बदलणं हाच उपाय. वर सांगितलेला क्लीनरही या पट्ट्यांवर उडू देऊ नका.

---

उत्तर: इम्पोर्टेड गाडीच्या सांदीकोपऱ्यांतला चिवट मळ

दादांनी चाकांचं सगळं सांगितलंच आहे. मी न दिसणाऱ्या जागा जोडते, कारण तिथल्या मळाने खरं नुकसान होतं.

बॉनेट उघडून वायपरखालच्या खाचेतली पानं हाताने उचला. पाण्याने ढकललीत तर निचऱ्याचं तोंड बुजतं आणि पाणी ब्लोअरपर्यंत किंवा तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचतं. सनरूफ असेल तर पुढच्या कोपऱ्यांतली, निचऱ्याच्या नळ्यांची भोकं बघा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी, टोक गोल करून, हळूहळू आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. दाबाने नळी आतल्या आत जोडातून सुटते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरतं. मग कपभर पाणी ओता, ते गाडीखाली लगेच गळायला हवं.

सीटच्या रुळांतला कचरा काढताना सीट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे घ्या आणि चपट्या नोझलने व्हॅक्यूम करा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. ते सोडवू नका, ओढू नका, तिथे द्रवही फवारू नका.