पहिल्या हरणासाठी .२२३ रायफलची कोणती गोळी घ्यावी? मदत हवी आहे

लेकीची पहिलीच शिकार. इथल्या नियमात हरणाला .२२३ चालते. त्याहून मोठ्या .२४३ रायफलच्या धक्क्याला ती बिचकते, ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटते, म्हणून लहान कॅलिबरच (गोळीचा व्यास) बरं. घरात ५५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), पातळ कवचाच्या गोळ्या आहेत. पण त्या खांद्याच्या हाडावर फुटणार, जखम वरवरची होणार आणि जनावर तडफडत पळणार. ते नकोच.

मग ६२-६४ ग्रेनची बाँडेड सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, कवच शिशाला घट्ट जोडलेली) घ्यावी की अख्खी तांब्याची? अडचण नळीची आहे: ट्विस्ट (गोळीला फिरवणारा नळीतला पीळ) १२ इंचाला एक फेरा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. इतक्या सावकाश पिळात ती स्थिर राहील का? अंतर १०० यार्डांच्या आतच ठेवणार आहोत. अशा नळीतून कुणी कागदावर मारून पाहिलं असेल, तर भोकं गोल पडली की आडवी (म्हणजे गोळी कोलमडत गेली), तेवढं वजनासकट सांगा.