रिकामी खोली बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला द्यायचीय, कुणी दिलीये का?

मृणाल_सिंहगडरोड
मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, त्याची खोली दीड वर्ष बंदच आहे. मी दर रविवारी एका बालगृहात गणित शिकवायला जाते, तिथला एक मुलगा जूनमध्ये 18 पूर्ण करतोय, आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं एक वर्ष बाकी आहे आणि 18 झाली की बालगृह सोडावं लागतं. परवा वही मिटता मिटता म्हणाला, "मॅडम, कॉट बेसिसवर डिपॉझिट किती घेतात हो?" मला काही सुचेचना. ह्यांचं म्हणणं पोरगा चांगला आहे, पण कायद्याचं काय, सोसायटी काय म्हणेल. कुणाचा अनुभव आहे का?

विवेक_नाशिक
ताई, आमच्याकडे एक मुलगा 14 महिने होता. आधी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये 18 नंतरच्या मदतीची तरतूद आहे, केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 मिळू शकतात, अनुरक्षण गृहाचंही (18 नंतर राहायची सोय) विचारा, म्हणजे तुमच्याकडे येणं हा त्याचा स्वतःचा निर्णय राहील, नाइलाज नाही. पोलीस व्हेरिफिकेशन भाडेकरूसारखंच करा, पण त्याला आधी सांगून.
आमचा पोरगा रात्री आठ वाजले की ताट हातात घेऊन किचनच्या दारात उभा, कारण तिकडे आठची घंटा व्हायची. बस रे म्हटलं तरी बसायचा नाही. दोन महिन्यांनी एकदा न विचारता चिवड्याचा डबा उघडून खाल्ला, तेव्हा बायकोच्या डोळ्यात पाणी आलं.

संस्थेतला_एक
काकू, मी स्वतः असा राहिलोय. लगेच "मुलासारखा" म्हणू नका, किती महिने ते पहिल्या दिवशी सांगा. मी ज्यांच्याकडे होतो तिथे पाहुणे आले की माझी गादी हॉलमध्ये यायची, कुणी काही बोलायचं नाही. गादीचं काही नाही हो, पण पुढच्या महिन्यात आपण इथे आहोत का नाही हेच कळायचं नाही. किल्ली द्या त्याला. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र निघालंय का बघा, 2018 पासून 1 टक्का आरक्षण आहे आणि बाहेर पडल्यावर कागद गोळा करताना जीव जातो.

लीड्सची_वहिनी
इकडे यूकेत नाइटस्टॉप म्हणून आहे, 1987 ला लीड्समध्येच सुरू झालं, 16 ते 25 वयाच्या मुलांना एखाद्या रात्रीपुरती घरातली खोली. मी खोली देते. आधी घर बघून जातात, पोलीस रेकॉर्ड तपासतात, ट्रेनिंग देतात. तुमचं महिनोन्‌महिन्यांचं आहे, जास्त अवघड. पण एक गोष्ट इथून घ्या, रात्री काही झालं तर फोन उचलणारा माणूस आधीच ठरवा, बालगृहातल्या कुणाशी तरी बोलून.

मृणाल_सिंहगडरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनाही वाचून दाखवलं, सोमवारी दोघं ऑफिसात जातोय. आज त्याला विचारलं, आयटीआय संपेपर्यंत राहशील का. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "खोलीला आतून कडी आहे का?" आहे, पण सैल झालीये. उद्या सुताराला बोलावलंय.