कोविडनंतर पुन्हा ‘नेहमीसारखं’ तुम्हाला कधी वाटलं?

काल माळ्यावरची सॅक काढली तर कप्प्यात ऑक्सिमीटर. सेल गळून हिरवे झालेले. सोबत ती वहीसुद्धा. एप्रिल २०२१, दर दोन तासांनी बाबांचा आकडा : ९४, ९३, ९१. एका रात्री अक्षर इतकं वेडंवाकडं आहे की ते माझं वाटतच नाही.

बाबा वाचले. पण २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले, तेव्हाही ते मास्क लावून खिडकीतच उभे. जूनमध्ये समोरच्या काकांनी खालून हाक मारली, “अहो, चहा टाकलाय, या!” आणि बाबा तसेच उतरले. मास्क खुंटीवरच. आई आणि मी एकमेकींकडे नुसतं बघितलं.

तुमच्याकडे कधी झालं? लिहा ना.

निशिगंध
लोकल!! १५ ऑगस्ट २०२१, दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना सोडायला लागले. स्टेशनवर रांग लावून सर्टिफिकेट तपासून घेतलं, पास काढला. ठाण्याला एक मावशी “सरक गं जरा” म्हणत चौथ्या सीटवर टेकल्या. खांद्याला खांदा लागला आणि मला रडूच फुटलं. त्यांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

पायवाट
२०२० आणि २०२१ ला माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ ला पायी निघालो. दिवेघाट चढताना पाय भरून आले तरी थांबावंसं वाटेना. आमचे विणेकरी मात्र दुसऱ्या लाटेत गेले. वीणा त्यांच्या मुलाच्या गळ्यात होती. सासवडपर्यंत त्याच्याशी कुणीच बोललं नाही, नुसते शेजारून चालत राहिलो.

खडूफळा
४ ऑक्टोबर २०२१. शहरात आठवीपासून वर्ग सुरू. सहावीत घरी गेलेली पोरं, आता आवाज फुटलेले. मास्कमुळे निम्मी ओळखूच येईनात. “डबा वाटून खायचा नाही” हे मलाच सांगायला लागायचं, फार जड जायचं. पुढच्या जूनमध्ये पाच जणी एका डब्यावर तुटून पडलेल्या दिसल्या. ओरडले नाही.

आजीचा_बटवा
सेल गळलेत तिथे कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, मग कोरडं पुसा. आमचा रिमोट असाच चालू झाला.

रातपाळी
मी नर्स आहे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्या रात्री ड्युटीवर होते. कोविडचे दोन पेशंट, कोपऱ्यातल्या दोन खाटांवर. एक आजोबा पेपर वाचत होते. २०२१ ला त्याच खाटेवरचा माणूस मला व्हिडिओ कॉल लावून द्यायला सांगत होता. लावून दिला होता. तेवढं तरी झालं माझ्याकडून. लस, अनुभव, सगळ्यांमुळे आजार आटोक्यात आला हे खरं, पण त्या खाटेपाशी मी अजून क्षणभर थांबते.

शेवगा
@रातपाळी, माझ्या भावाला असाच कुणीतरी कॉल लावून दिला होता. त्या ताईंचं नाव कधीच कळलं नाही. तुम्हाला नमस्कार.

मोगरा८१
आमच्याकडे अजून नाही. आईचं दहावं चौघांत केलं. माहेरी गेले की अजून तिच्या खोलीत जाववत नाही.

निशिगंध
मोगरा 🫂 वाटलं तर मला वेगळा निरोप टाक.

तिखटमीठ
मला हिंगाचा वास अजून येत नाही. बाकीचे वास हळूहळू आले, फोडणी मात्र अंदाजाने. अजून कुणाला असं आहे का? कुकर झाला, येते.

खडूफळा
@तिखटमीठ मला उदबत्तीचा नव्हता. दीड वर्षाने आला. धीर धर गं.