सिरीजमध्ये ६० वॅटचाच दिवा जास्त उजळेल

६० आणि १०० वॅटचे दिवे २३० व्होल्टवर सिरीजमध्ये (एकामागे एक, एकाच वाटेवर) जोडले तर १०० वाला जास्त उजळेल, हे उत्तर पटलं नाही. दिव्यावर छापलेले वॅट त्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच लागू. इथे ते दोघांत वाटले जातात. म्हणून आधी रोध (करंटला होणारा अडथळा) काढा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. ६० वाल्याचा साधारण ८८२ ओहम, १०० वाल्याचा ५२९. (कमी वॅट म्हणजे जास्त रोध, गोंधळ इथेच होतो.) बेरीज १४११, म्हणजे करंट ०.१६३ अँपिअर, आणि तो दोन्हींतून तेवढाच वाहणार. आता करंटचा वर्ग गुणिले रोध केलं की ६० वाल्याच्या वाट्याला २३.४ वॅट येतात, १०० वाल्याच्या वाट्याला जेमतेम १४.

प्रत्यक्षात मोजाल तर आकडे थोडे वेगळे येतील, कारण फिलामेंट कमी तापलं की त्याचा रोधही उतरतो. क्रम मात्र बदलत नाही. पॅरलल जोडणीत (प्रत्येक दिव्याला पूर्ण २३० व्होल्ट) एवढी खटपटच नको: एकूण १६० वॅट, साधारण ०.७ अँपिअर. आणि हे सगळं फिलामेंटच्या दिव्यांचं हं, एलईडीला हा हिशोब लावू नका, त्यात आत सर्किट असतं.