मदत हवी आहे: डुकरीण दोनदा उलटली (गाभण न राहता परत माजावर आली)

मंडळी, मुरबाडजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, यॉर्कशायर जातीच्या 6 माद्या आणि 1 नर. त्यातली एक, पिल्लं दुधावरून तोडल्यावर पाचव्या दिवशी माजावर आली, पाठ दाबली की कान ताठ करून खांबासारखी उभी, म्हणून लगेच नर सोडला पण 21 दिवसांनी उलटली आणि आता दुसऱ्यांदा पण तेच. खाणं व्यवस्थित, मायांगातून घाण वगैरे काही टाकत नाही. मी एकदाच भरवतो (म्हणजे नर सोडतो), 12 तासांनी परत भरवायला हवं होतं का? की मे महिन्याच्या उकाड्याने नरच ढिला पडलाय (पत्रा काय तापतो हो आमचा), कारण अजून एक मादी पण उलटलीये. बदलापूर-कल्याण साईडला डुकरांचं एआय (कृत्रिम रेतन) करणारं कोणी आहे का? गाभणकाळाचे 114 दिवस मोजून कॅलेंडरवर खुणा केलेल्या, सगळ्या फुकट.